तीन हजार मीटरपर्यंत

रात्री अकराला मी चार स्क्रू काढले
आणि जुनी डिस्क सेवेरिनोच्या तळहातावर ठेवली.
त्यानं ती कानाशी धरली.
काल दिवसभर टक् टक् करत होती,
बंद दारावर कुणी अंगठीनं वाजवावं तशी.
आता तेही नाही.

रेडिओचे एकोणीस वर्षांचे निरोप तिच्यात:
कुणाची गाढवीण हरवली,
कुणाचा मुलगा एल आल्तोहून शनिवारी येतोय,
पाण्याच्या पाळ्या, दफन सकाळी नऊला.
प्रत काढली होती का, असं मी विचारलं नाही.
त्याच्या चेहऱ्यावरच होतं.

नवी डिस्क गुरुवारच्या बाजारातली,
पाठीवरच्या कापडात बांधून आणली.
बसमध्ये शेजारणीनं विचारलं, चीज का?
हो म्हटलं.

पेनड्राइव्ह लावला, पडदा निळा झाला.
पहिला प्रश्न: भाषा.
सेवेरिनो खुर्ची ओढून, काचेवर बोट ठेवून
यादी वरून खाली वाचत गेला.
आयमारा नव्हती.
स्पॅनिश घेतली.

मग डिस्कचे भाग पाडायचे. इथं तो जागा झाला,
बापाच्या बटाट्याच्या वावराचे सहा वाटे त्यानं पाहिलेत.
"मोठा वाटा कुणाला?"
"निरोपांना."
"मग ठीक."

यंत्रानं विचारलं: यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?
"पण कोरीच आहे ना?"
"कोरीच. तरी विचारतं."
रीत असेल, त्याला पटलं.

खाली बटण: पुढे.
पुढे म्हणजे कुठे?
आमच्या बोलीत होऊन गेलेलं पुढ्यात असतं,
डोळ्यांना दिसतं म्हणून;
यायचंय ते पाठीमागे, कुणाला दिसलंय?
मी बटण दाबत राहिले
आणि आम्ही दोघं टाचेनं जमीन चाचपत
पाठमोरे निघालो,
जुनी डिस्क समोर टेबलावर.

एकोणतीस टक्के.
बसल्या बसल्या मी खोका वाचला.
वॉरंटीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरपर्यंत वापरावी.
आमचं तळंच तीन हजार आठशेवर.
डिस्कचं डोकं म्हणे हवेच्या गादीवर तरंगतं,
केसाहून बारीक फटीत.
इथं हवा विरळ. गादी पातळ. घासतं.
सेवेरिनो बराच वेळ हसला, मग खोकला.
"म्हणजे आपण सगळेच वॉरंटीबाहेर."

त्रेसष्टवर वीज गेली.

आम्ही अंधारात कोकाची पानं चघळली.
त्याचे पाय गार पडले, माझेही,
कुत्री कशावर तरी भुंकत होती, बहुधा थंडीवर.
सव्वाचारला दिवा आला
आणि पडद्यानं काहीच न घडल्यासारखं विचारलं: भाषा.
सेवेरिनोनं पुन्हा अख्खी यादी वाचली.
मधल्या वेळात कुणी घातली असली तर.

साडेचार. अकरा टक्के.
लोक चुलीपाशी रेडिओ लावून बसलेले असणार.
तो माइकपाशी गेला.
सुरुवातीची धून जुन्या डिस्कमध्ये,
त्यानं ती शिट्टीनं वाजवली, अर्धीच,
दम पुरला नाही.
म्हणाला, ज्यांनी निरोप दिले होते त्यांनी पुन्हा द्यावेत.
तोवर मला आठवतात ते सांगतो.

आणि आठवत गेला.
मेलेल्यांचे सांगितले, लग्नांचे सांगितले,
एका पुलाचा सांगितला जो नंतर बांधलाच नाही.
चौदा वर्षांपूर्वीची गाढवीण:
राखाडी, डाव्या कानाला चीर, नाव फ्लोरा,
हाक मारली तर येते.
(ती तेव्हाच सापडली होती. सासऱ्याच्या शेतात.)

माझ्यामागे कधी शंभर झालं, मी पाहिलं नाही.
वळले तर रेघ लुकलुकत होती:
या संगणकाला नाव द्या.
मी फ्लोरा लिहिलं.

पासवर्ड अजून ठरायचाय.